'शक्ती' : ऐकताना आणि ऐकल्यावर

सभागृहातून आत्ता एक चिठ्ठी आली आहे : "ब्रिटिश रॉकवाल्यांनी शास्त्रीय संगीत घेतलं म्हणजे नेमकं काय घेतलं?" प्रश्न रास्त आहे. आजचं बोलणं त्याच्याभोवतीच ठेवू.

१९६९ मध्ये 'डीप पर्पल'नं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सबंध ऑर्केस्ट्रासोबत मैफल केली. १९७१ मध्ये 'इमर्सन, लेक अँड पामर'नं मुसोर्ग्स्कीची एक पियानोरचना ऑर्गन आणि सिंथेसायझरवर चढवली. हे आम्ही आवडीनं ऐकलंय. पण पाचोरेकरांना पाचोऱ्याच्याच भाषेत सांगतो. आपल्या स्टेशनावर भुसावळ-मनमाडची मोठी लाइन होती आणि जामनेरची छोटी पीजेही होती. स्टेशन एक, रूळ वेगळे. पुढे जायचं तर उतरून गाडी बदलावी लागे. 'डीप पर्पल'च्या त्या मैफलीत बराच वेळ तेच चालतं. बँड वाजतो तेव्हा ऑर्केस्ट्रा वाट बघतो, ऑर्केस्ट्रा सुरू झाला की बँड.

आता जॉन मॅकलॉफ्लिनकडे या. हा यॉर्कशायरचा गिटारवादक. त्याचा 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' म्हणजे नुसता विजेचा कडकडाट. पण त्याच काळात हा माणूस अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकत होता. मग त्यानं गिटारच बदलून घेतली. पट्ट्यांमधलं लाकूड खोल कोरलं, म्हणजे तार दाबून मींड ओढता यावी. आणि मुख्य तारांखालून तिरक्या सात तरफा टाकल्या. आमच्या मते 'शक्ती'चा खरा इतिहास इथे सुरू होतो. त्यानं गेज बदललं, आणि तेही स्वतःचं.

सोबत होते माहीमचे झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम. तबला हिंदुस्थानी, घटम कर्नाटकी. तिहाई आणि कोरवै एकाच समेवर आणायचे म्हणजे या दोघांनाही आपापल्या घरातून बाहेर पडावं लागलं. १९७५ मध्ये लाँग आयलंडच्या एका कॉलेजात वाजवलेली मैफल पुढच्या वर्षी रेकॉर्ड म्हणून आली. तीनच रचना. पहिली अठरा मिनिटांची, शेवटची जवळपास अर्ध्या तासाची.

मधली 'लोटस फीट' मात्र पाच मिनिटांचीही नाही, आणि तिच्यावरच थांबावंसं वाटतं. हीच चाल 'महाविष्णू'च्या १९७६ च्या 'इनर वर्ल्ड्स'वर सिंथेसायझरच्या आवाजात आहे. दोन्ही पाठोपाठ ऐका. तिथे सूर छान चकाकतो, पण जागच्या जागी उभा राहतो. इथे व्हायोलिन आणि गिटार एकमेकांचा श्वास ऐकत चालतात. सूर तेच आहेत, ते सोडण्याची रीत बदलली आहे. रीत कॉपी करता येत नाही, शिकावी लागते.

आता तक्रारही करू, कारण नुसती आरती ओवाळायला आम्ही आलो नाही. 'शक्ती'ला संथपणाचं वावडं होतं. आलाप जरा आकार घेतो न घेतो तोच घोडे सुटतात, आणि मग सवाल-जवाब. टाळ्या पडतात हो, पण टाळी म्हणजे दाद नव्हे. पुढे गावोगावच्या 'फ्यूजन' कार्यक्रमांनी या मंडळींकडून नेमका तेवढाच भाग उचलला. तबलजीला दोन मिनिटं द्यायची, त्यानं धडाड वाजवायचं, संपलं. दोष 'शक्ती'चा कमी, उचलणाऱ्यांचा जास्त. तरी वाट त्यांनीच दाखवली.

तीन रेकॉर्डी करून १९७७ नंतर गट पांगला. वीस वर्षांनी 'रिमेंबर शक्ती' या नावानं पुन्हा जमला. मग मँडोलिनवर यू. श्रीनिवास आले, गायनाला शंकर महादेवन. महादेवन म्हणजे चेंबूरचा मुलगा, श्रीनिवास खळ्यांचा शिष्य. हे मराठी श्रोत्यानं लक्षात ठेवावं. खळेकाकांच्या चाली गायला अवघड, ऐकायला सोप्या. महादेवनच्या सरगममध्ये सगळा झपाटा असूनही शब्द येतो तेव्हा गळा मऊ होतो. ती शिकवण कुठली, हे आम्हाला वेगळं सांगायला नको.

२०२३ चा 'धिस मोमेंट' हा ४६ वर्षांनंतरचा त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम. कोरोनाकाळात प्रत्येकानं आपापल्या ठिकाणी वाजवून तो बराचसा जुळवलेला आहे, आणि ते कानाला कळतं. सगळं स्वच्छ, सगळं जागेवर. समोरच्याच्या डोळ्यांत बघून घेतलेली जोखीम कमी. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याला ग्रॅमी मिळालं, डिसेंबरात झाकीरभाई गेले.

चिठ्ठी पाठवणाऱ्यांना एक विनंती. घरी गेल्यावर १९७५ ची ती मैफल लावा, आणि पहिल्यांदा गिटारकडे लक्षच देऊ नका. फक्त घटम ऐका.