स्वतःच शाहीर, स्वतःच झीलकरी

पोवाडा ऐकताना माझे लक्ष आधी झीलकऱ्यांकडे जाते. शाहिराने ओळ सोडायची, मागच्यांनी ती उचलून धरायची. तेवढ्यात एकट्याचे म्हणणे चारचौघांचे होते. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या कोल्हापुरात लोकसंगीताची माझी कसोटी अशी घडली. तिच्याच जोरावर रेमो फर्नांडिस यांचा 'गोअन क्रेझी' (1984) हा पहिला अल्बम मी कित्येक वर्षे 'पॉप' म्हणून बाजूला ठेवला. ती नोंद चुकीची होती, असे आता वाटते.

रेमो शिवोलीचे, शिक्षणाने वास्तुविशारद. तिशी नुकतीच ओलांडलेल्या या गायकाने घरातच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर हा अल्बम केला. शब्द, चाली, वाद्ये, मागचे आवाज, मुद्रण, सगळे स्वतःचे. मग पिवळ्या स्कूटरवरून गोव्यातल्या दुकानांत कॅसेटी पोचवल्या, त्याही स्वतःच. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवून 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला, त्या गावाला ही जिद्द परकी वाटू नये.

पण जिद्दीचे कौतुक म्हणजे समीक्षा नव्हे. चार ट्रॅकच्या यंत्राची शिस्त कडक असते. तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, म्हणजे तीन पुन्हा मोकळे होतात. दर उतरवणीला टेपची खरखर वाढते, स्वरांची धार बोथट होते आणि एकदा मिसळलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत. गिटार किती पुढे, बासरी किती मागे, हे तिथल्या तिथे ठरवावे लागते. भरजरी वाद्यमेळाला तिथे वाव नाही. ओळीला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते.

या पद्धतीचा तोटाही आहे. इथे झील देणारा रेमोच आहे. दुसऱ्या गळ्याचा खडबडीतपणा नाही, कुणी ओळ वेगळ्या अंगाने उचलत नाही. माझा जुना आक्षेप हाच होता, आणि मुद्रणापुरता तो मी आजही मागे घेत नाही.

चूक झाली ती पुढे. 1985 मध्ये रेमो यांनी 'ओल्ड गोअन गोल्ड'मध्ये जुनी कोकणी गाणी घेतली. गाणी जुनी, भाषा मातीतली, म्हणून तो अल्बम मी बिनदिक्कत 'लोकसंगीत' या खणात टाकला. आधीचा प्रामुख्याने इंग्रजीत, म्हणून तो बाहेर. पण इंग्रजी ही गोव्यातल्या अनेक घरांत बोलली जाणारी भाषा आहे. आपल्याच भाषेत, आपल्याच गावाबद्दल, आपल्याच लोकांसमोर बोलणे हे तर शाहिराचे काम. पोवाडाही रचला गेला तेव्हा नवाच होता.

राहिली झील. ती शिवोलीच्या त्या घरात मुद्रित झाली नाही; कॅसेट विकत घेऊन ती घरोघरी वाजवणाऱ्या गोवेकरांनी दिली. मोठ्या कंपनीचे दार त्यानंतर उघडले.

आज एखादा मुलगा वा मुलगी लॅपटॉपवर, हवे तेवढे ट्रॅक वापरून, खोलीत बसून पहिला अल्बम करते. त्यात तुणतुणे आहे का, बोली आहे का, एवढेच तपासून आपण 'लोक' हा शिक्का मारतो किंवा नाकारतो. तपासायचे ते एवढेच : ती ओळ कुणासाठी सोडली आहे, आणि ती उचलणारे कुणी आहे का?