सुरक्षाव्यवस्थेतील वाक्य आणि त्याचा श्रोता

विमानवाहतुकीतील सुरक्षाव्यवस्थापन हा विषय वरवर पाहता अभियंत्यांचा व प्रशासकांचा वाटतो. तथापि या व्यवस्थेचा बराचसा भार कथनावर आहे. एकाला दिसलेला धोका त्याने दुसऱ्याला सांगावा आणि त्या सांगण्यातून कृती घडावी, या अपेक्षेवर ती उभी असते. म्हणूनच शिकागो कराराचे २०१३ साली अमलात आलेले १९वे परिशिष्ट आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेची २००६ साली प्रथम निघालेली व २०१८ साली चौथी आवृत्ती पाहिलेली सुरक्षाव्यवस्थापन पुस्तिका यांचे परीक्षण भाषेच्या अंगानेही होणे अगत्याचे आहे.

धोरण व उद्दिष्टे, जोखमीचे व्यवस्थापन, सुरक्षेची हमी आणि सुरक्षेचे संवर्धन अशी या व्यवस्थेची चार अंगे सांगितली आहेत. पुस्तिकेचा निःसंशय गुण म्हणजे तिच्या परिभाषेतील काटेकोरपणा. दैनंदिन मराठीत ज्या दोन गोष्टींना आपण सरसकट धोका म्हणतो, त्या येथे वेगळ्या काढल्या आहेत. धावपट्टीवर साचलेले पाणी हा धोका होय; त्यावरून विमान घसरण्याची संभाव्यता आणि त्या परिणामाची तीव्रता यांचा अंदाज म्हणजे जोखीम. धोका कोणाही कामगाराच्या दृष्टीस पडू शकतो, जोखीम मात्र विचारपूर्वक ठरवावी लागते, हा विवेक या भेदामुळे शक्य होतो.

परंतु मराठीतील जोखीम या शब्दास आणखी एक अर्थच्छटा आहे. जोखमीचे काम, जोखमीची वस्तू असे म्हणताना भयाबरोबरच सांभाळणाऱ्याची जबाबदारीही सूचित होते. पुस्तिकेतील जोखीम कोष्टकाच्या एका चौकटीत अंक व अक्षर होऊन बसते. संस्थेच्या प्रमुखावर अंतिम उत्तरदायित्व टाकले आहे आणि वृत्त देणाऱ्यास प्रत्युत्तर द्यावे असेही सुचविले आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही कामगाराचे वाक्य नेमके कोणी ऐकावयाचे, हा प्रश्न व्यवहारात पुष्कळदा अनुत्तरितच राहतो.

या प्रश्नाचे गांभीर्य एका जुन्या अपघाताने स्पष्ट होते. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येणारे टी. डब्ल्यू. ए. कंपनीचे ५१४ क्रमांकाचे विमान व्हर्जिनियातील माउंट वेदर या डोंगरावर आदळले आणि आतील सर्व ९२ जण मृत्यू पावले. नियंत्रकाने उतरणीच्या मार्गास अनुमती देणारे 'क्लिअर्ड फॉर अप्रोच' हे रूढ शब्द उच्चारले होते. आता १८०० फुटांपर्यंत खाली येण्यास हरकत नाही, असा वैमानिकांनी त्यांचा अर्थ घेतला. उंची राखणे ही वैमानिकाचीच जबाबदारी, असे नियंत्रक धरून चालला होता. शब्द एकच, पण त्यामागील गृहीतके दोन. याहून विदारक गोष्ट अशी की, सुमारे सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीचे एक विमान याच गैरसमजातून त्याच ठिकाणी थोडक्यात बचावले होते. त्या वैमानिकांनी कंपनीला वृत्त दिले, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. परंतु ते वाक्य कंपनीच्या कुंपणाबाहेर गेले नाही.

त्यानंतर १९७६ साली अमेरिकेत स्वेच्छेने वृत्त देण्याची जी व्यवस्था सुरू झाली, तिचे मर्म श्रोत्याच्या निवडीत आहे. दंड करू शकणाऱ्या नियामकाऐवजी वृत्ते स्वीकारण्याचे काम नासा या संशोधनसंस्थेकडे सोपविण्यात आले. वृत्तातून व्यक्तीची ओळख पुसून टाकली जाते आणि १९७९ पासून 'कॉलबॅक' या मासिक पत्रकातून निवडक वृत्ते सर्व वैमानिकांपुढे ठेवली जातात. बोलणाऱ्यास अभय आणि बोलण्यास श्रोतृवर्ग, अशी ही दुहेरी सोय आहे.

नियमांचे अस्तित्व आणि त्यांचे जिवंतपण यांतील अंतर आपल्याकडेही दिसले आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरच्या टेकडीवरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले; १५८ जण दगावले, आठच वाचले. उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जावे, असे सहवैमानिकाने तीनदा म्हटले होते, ही नोंद चौकशी न्यायालयाच्या अहवालात आहे. वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध होते, परिभाषेतील होते, आणि पहिल्या खेपेस वेळेवरही होते. अधिकाराच्या उतरंडीत खालून वर जाताना मात्र त्याचे आज्ञार्थत्व गळून पडले.

यावरून पुस्तिकेच्या वाचकाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. व्यवस्था अमलात आणणे म्हणजे धोरणपत्र, नमुने व कोष्टके तयार करणे. हे काम ठराविक मुदतीत संपते. ती टिकविणे हे न संपणारे काम आहे. वृत्तांची संख्या मोजून ते साधत नाही, कारण संख्या घटली तर धोके घटले की विश्वास घटला, हे संख्या सांगत नाही. वृत्त दिल्यानंतर काय बदलले, हे ते देणाऱ्यास कळले काय, हा प्रश्न विचारला म्हणजे पुष्कळ उलगडा होतो. ज्या संस्थेत याचे उत्तर होकारार्थी येते, तेथे कामगार दुसऱ्यांदाही बोलतो. जेथे येत नाही, तेथील मौनाचा अर्थ बहुधा अपघाताच्या चौकशीत लागतो.