कोप आणि कृपा : प्यूरिटन प्रवचन व टिळकांचे अभंग

प्यूरिटन प्रवचन म्हणजे नरकाग्नीचा धाक, असा एक सोयीचा समज आहे. जोनाथन एडवर्ड्झने ८ जुलै १७४१ रोजी एन्फिल्ड येथे दिलेले प्रवचन हा त्या समजाचा मुख्य आधार. आगीवर धरलेल्या कोळ्याची त्यातील प्रतिमा सर्वांच्या स्मरणात राहते. परंतु तो कोळी अद्याप पडलेला नाही, हे सहसा ध्यानी घेतले जात नाही. ज्या हाताचा कोप वर्णिला आहे त्याच हाताने त्याला धरून ठेवले आहे, आणि अखेरीस येणारी कृपेची हाक त्या धरून ठेवण्यातूनच येते. कोप सौम्य करावा तर कृपेलाही वजन उरत नाही.

न्यू इंग्लंडमधील याच परंपरेच्या वारसदारांनी १८१० मध्ये मिशनरी मंडळ स्थापिले, आणि १८१३ मध्ये गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईस पोचले. मराठीतून उपदेश करताना येणारी अडचण केवळ व्याकरणाची नव्हती. मराठीत ‘कोप’ हा ग्रामदेवतेचा. नवस फिटला नाही की देवी कोपते. तिचा मान दिला की शांत होते. हे देणे माणसाला फेडता येते. एडवर्ड्झच्या देवाचा कोप न्यायाधीशाचा आहे. तेथे फेड माणसाच्या हाती नाही, म्हणूनच कृपेची गरज.

उग्र देव मराठी मनाला अपरिचित नाही. परभणी जिल्ह्यात पोखर्णीचा नृसिंह प्रसिद्ध आहे. मात्र नृसिंहकथा ऐकणारा स्वतःला प्रल्हादाच्या जागी पाहतो; एडवर्ड्झ श्रोत्याला हिरण्यकशिपूच्या जागी उभा करतो. शिवाय, चारठाण्याची यादवकालीन मंदिरे ज्या जिल्ह्यात आहेत त्याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईच्या अभंगांत रागावते ती भक्त, आणि बोलणी खातो तो देव! कोपाची दिशाच येथे उलटली आहे.

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलेल्या नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) हीच दिशा पत्करली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीचा ख्रिस्त न्यायासनावर क्वचितच बसतो. तो माउली आहे. कोप गेल्याने कृपा स्वस्त झाली, हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. टिळकांच्या काही गीतांत सांत्वन फारच लवकर येते. परंतु ‘अभंगांजली’त भयाची जागा विरहाने घेतली आहे. माउली दुरावणे हीच तेथील खोल दरी, आणि तिच्या काठावर हा कवी खरोखर डगमगतो. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी संन्यास घेतला याचा दाखला येथे देण्याचा मोह होतो. पण चरित्राचा पुरावा काव्यविचारात जपूनच वापरावा.

तथापि विरहाला आधी प्रेम लागते. ज्याला देवाची ओढच नाही, जो आपल्या सुस्थितीत निर्धास्त आहे, त्याच्याशी टिळकांचा अभंग काय बोलणार? एडवर्ड्झचे प्रवचन नेमके त्याच्यासाठी होते. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनात १९०५ साली पापाच्या जाणिवेने मोठा आक्रोश झाला. म्हणजे ते भय मराठी मनाला अशक्य नव्हते. तो आक्रोश प्रार्थनेतच राहिला. टिळकांच्या कवितेत त्याला जागा मिळाली नाही.