दिवाळखोराने पिझ्झा मागवावा का? एका चांगल्या संशोधनात सुटलेली जागा

प्रपोजल लिहायला बसलात की गाईडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गॅप काय आहे?" मग आपण शोधत सुटतो की कुणी काय केलेलं नाही. "या विषयावर आपल्या जिल्ह्यात अभ्यास झालेला नाही" असं एक वाक्य टाकलं की काम झालं असं वाटतं. पण ही गॅप लंगडी असते. अभ्यास झाला नसेल, पण तो का व्हायला हवा हे त्यातून कळत नाही. भक्कम गॅप बहुतेक वेळा चांगल्या कामातच सापडते. ज्या संशोधनाने आपलं काम चोख केलंय, त्याने ते करताना काय बाजूला ठेवलं, का ठेवलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे दाखवता आलं की तुमच्या प्रश्नाला वजन येतं.

आज त्यासाठी एक उदाहरण घेऊ. विषय आहे अमेरिकेतली व्यक्तिगत दिवाळखोरी आणि दिवाळं जाहीर केल्यानंतर परत उभं राहतानाचं रोजचं जगणं.

थोडी पार्श्वभूमी लागेल. अमेरिकेत सामान्य माणसाला दिवाळखोरीचे दोन मुख्य रस्ते आहेत. कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली, सूट असलेली मालमत्ता सोडून बाकीची विकली जाते आणि बरीचशी कर्जं काही महिन्यांत माफ होतात. तेराव्या प्रकरणाखाली तीन ते पाच वर्षांची परतफेडीची योजना बनते. घरखर्च भागवून जे उरेल ते दरमहा ट्रस्टीकडे जातं. म्हणजे तेवढी वर्षं ते घर एका मंजूर बजेटवर चालतं. मुलाच्या वाढदिवसाला पिझ्झा मागवायचा की नाही, हा प्रश्न अशा घरात नुसता घरगुती राहत नाही.

बचाव कसा केला गेला

२००३ साली एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी यांचं 'द टू-इन्कम ट्रॅप' हे पुस्तक आलं. वॉरन तेव्हा हार्वर्डमध्ये कायदा शिकवत होत्या, राजकारणात नंतर आल्या. पुस्तकाच्या मागे २००१ सालचा मोठा अभ्यास होता. त्यात दिवाळखोरीचा अर्ज केलेल्या दोन हजारांहून जास्त कुटुंबांची माहिती होती. तेव्हा तिकडे सर्रास म्हटलं जायचं की लोक उधळपट्टी करतात आणि मग कोर्टात जाऊन हात वर करतात. आपल्याकडे 'ऋण काढून सण' म्हणतात, तोच आरोप.

लेखिकांनी त्याला आकड्यांनी उत्तर दिलं. महागाई वजा करून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या चौकोनी कुटुंबाशी तुलना केली, तर नव्या पिढीचं कुटुंब कपड्यांवर २१ टक्के, खाण्यावर (हॉटेलचं धरून) २२ टक्के आणि मोठ्या घरगुती उपकरणांवर ४४ टक्के कमी खर्च करत होतं. पैसा जात होता तो बऱ्या शाळेच्या भागातल्या घराच्या हप्त्यात, आरोग्य विम्यात, मुलांच्या सांभाळात आणि दुसऱ्या गाडीत. त्यात नोकरी गेली, आजारपण आलं किंवा घटस्फोट झाला की कोसळलं सगळं.

हे काम महत्त्वाचं आहे यात वाद नाही. दिवाळखोरी हा स्वभावाचा दोष आहे, या समजाला त्याने मोठा धक्का दिला. पण आपण टीका करायला शिकतोय, तेव्हा दोन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट पद्धतीची. २१, २२, ४४ हे आकडे सर्वसाधारण अमेरिकन कुटुंबाचे आहेत, दिवाळं निघालेल्या कुटुंबांचे नाहीत. दिवाळं निघालेल्यांनी स्वतः काय कारणं सांगितली, हा वेगळा पुरावा आहे. पुस्तकात दोन्ही शेजारी शेजारी येतात आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात त्यांचं एकच चित्र तयार होतं. तुम्ही वाचताना प्रत्येक आकड्यापाशी थांबून विचारायचं, "हा आकडा नक्की कुणाचा?"

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. आरोप असा होता की हे लोक मजा करतात. उत्तर आलं की नाही हो, ते मजा करत नाहीत. म्हणजे मजा करणं हा गुन्हा आहे, हे दोन्ही बाजूंनी मान्य केलं! बचाव जिंकला, पण आरोप करणाऱ्याच्या मैदानावर. मग ज्या कुटुंबाने खरंच वाढदिवसाला पिझ्झा मागवला, महिन्यातून एकदा सिनेमा पाहिला, त्याचं काय? या बचावात त्याला जागाच नाही.

मराठीत यासाठी तीन शब्द आहेत : गरज, हौस आणि चैन. गरज भागली नाही तर माणूस अडतो. चैन परवडत नसताना केली तर लोक नावं ठेवतात. या दोघींच्या मधे हौस असते. दारात काढलेली रांगोळी, रविवारचं मटण, नातवाला जत्रेतला फुगा. पुस्तकातल्या वादाला फक्त गरज आणि चैन हे दोनच कप्पे आहेत. हौसेचा खर्च एकतर गरजेत लपवावा लागतो, नाहीतर चैनीत मोजला जातो.

फॉर्ममधली एक ओळ

आता म्हणाल, मग आपण थेट कोर्टाची कागदपत्रं उघडू. कल्पना चांगली आहे. अमेरिकेत दिवाळखोरीच्या अर्जासोबत मासिक खर्चाचा एक तक्ता भरावा लागतो, त्याला 'शेड्यूल जे' म्हणतात. त्यात भाडं, वीज, जेवण, कपडे यांच्यासोबत मनोरंजन, क्लब, वर्तमानपत्रं, मासिकं आणि पुस्तकं यांची एक ओळ असते. संशोधकाला वाटतं, मिळाली हौस, आता बेरीज करायची.

पण हा तक्ता कोण, कुणासाठी भरतंय ते बघा. खोटं लिहिलं तर शिक्षा होऊ शकते अशी सही करून तो द्यायचा असतो. बहुतेक वेळा शेजारी वकील असतो. तक्ता ट्रस्टी वाचणार आणि धनको हरकत घेऊ शकणार. त्यात लिहायचा आहे अंदाज, झालेल्या खर्चाची रोजनिशी नव्हे. अशा जागी मनोरंजनापुढे छोटा आकडा दिसला तर त्याचा अर्थ काय लावाल? घर तेवढाच खर्च करतं, असा? की तेवढा खर्च मागितला तर कुणी भुवया उंचावणार नाही, असा? कागदावरून हे ठरवता येत नाही. कोर्टाची कागदपत्रं उत्तम साधन आहेत, पण ती मोठ्या माणसांसमोर बसून दिलेल्या उत्तरांसारखी वाचायची असतात.

२००५ साली अमेरिकेत कायदा कडक झाला. त्याच्या नावातच दिवाळखोरीचा 'गैरवापर' रोखण्याची भाषा आहे. ज्यांचं उत्पन्न राज्यातल्या मध्यम उत्पन्नापेक्षा जास्त, त्यांच्या जेवणा-कपड्यांच्या खर्चाला प्राप्तिकर खात्याची प्रमाणित रक्कम लावली जाते. मात्र परतफेडीची योजना चालू असतानाही चर्चला किंवा धर्मादाय संस्थेला एकूण उत्पन्नाच्या १५ टक्क्यांपर्यंत देणगी देण्याची मुभा कायद्यात आहे. ती १९९८ च्या दुरुस्तीने आली. करमणुकीला फॉर्ममध्ये ओळ आहे, पण असं टक्केवारीचं संरक्षण नाही.

एक वर्षानंतर

या कामाचा पुढचा टप्पा म्हणजे कॅथरीन पोर्टर आणि डेबोरा थॉर्न यांचा २००६ चा निबंध. दिवाळखोरी म्हणजे 'नवी सुरुवात' असं कायदा सांगतो, तर ती खरंच होते का, हे त्यांनी तपासलं. सातव्या प्रकरणाखाली कर्जमाफी मिळालेल्या कुटुंबांना वर्षभराने विचारलं. चारातलं एक कुटुंब रोजची बिलं भरताना अजून धडपडत होतं. तिनातलं एक म्हणालं की आमची आर्थिक स्थिती अर्ज केला तेव्हा होती तशीच आहे किंवा त्याहून वाईट आहे. कर्ज गेलं तरी पुरेशी आणि नियमित मिळकत आली नाही, तर नवी सुरुवात कागदावरच राहते, हा त्यांचा निष्कर्ष.

निबंध नीट बांधलेला आहे, जरूर वाचा. पण उलट बाजूने वाचून बघा. चारातली तीन कुटुंबं बिलं भरत होती. ती कशी जगत होती? निबंधाचा प्रश्न अपयशाचा आहे, म्हणून सावरलेली घरं त्यात केवळ उरलेली संख्या म्हणून राहतात. बिल भरलं म्हणजे माणूस सावरला, असं माप आपण आपोआप धरून चालतो. पण वीजबिल वेळेवर भरणाऱ्या घरात तीन वर्षं कुणी पाहुणा जेवायला बोलावला नसेल, तर त्याला सावरलेलं म्हणायचं का?

पोर्टर यांच्याच नंतरच्या एका कामात दिसतं की दिवाळखोरीनंतर वर्षाच्या आत जवळपास सगळ्याच कुटुंबांना नव्या कर्जाच्या ऑफर येऊ लागल्या होत्या, आणि बऱ्याच जणांनी त्या घेतल्या नाहीत. कायद्याच्या अभ्यासकाला इथे कंपन्यांचं धंद्याचं गणित दिसतं, आणि ते बरोबरच आहे. पण रोजच्या जगण्याचा अभ्यास करणाऱ्याला इथे एक दृश्य दिसायला हवं. टेबलावर कार्डाचं पाकीट पडलंय आणि घरातली माणसं ठरवतायत की सुट्टीत कुठे जायचं. पाकीट फाडून टाकल्यावर ती सुट्टी कशी घालवली? तळ्याकाठी डबा नेला, लायब्ररीतून सिनेमा आणला, की घरातच भांडणं झाली? त्या सर्व्हेला हे विचारायचंच नव्हतं, आणि जे विचारलं नाही ते डेटात येत नाही.

हा विषय फालतू आहे का?

व्हायवामध्ये कुणीतरी नक्की म्हणेल, "लोकांना औषधाला पैसे नाहीत आणि तुम्ही पिझ्झा मोजताय?" उत्तर तयार ठेवा.

एक उत्तर धोरणातलं आहे. आयर्लंडने २०१२ साली व्यक्तिगत नादारीचा नवा कायदा केला. त्यानंतर तिथल्या नादारी सेवेने कर्जदाराला योजनेच्या काळात किमान किती खर्च करू द्यावा याचे तक्ते काढले. माणसाच्या शारीरिक गरजांबरोबर मानसिक आणि सामाजिक गरजाही भागल्या पाहिजेत, हे तत्त्व त्यात धरलं होतं. २०१३ च्या तक्त्यात 'सामाजिक सहभाग' असं स्वतंत्र कलमच आहे, आणि एकट्या प्रौढासाठी त्याची रक्कम महिन्याला सुमारे १२६ युरो होती. म्हणजे सिनेमाला, सामन्याला जाणं, चार लोकांत मिसळणं याला सरकारी तक्त्यात मानाने ओळ मिळाली. हौसेचा आकडा कुणीतरी ठरवतंच. प्रश्न एवढाच, की तो अभ्यास करून ठरतो की संकोचाने?

दुसरं उत्तर संशोधनातलं. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या २००७ च्या निबंधात राजस्थानातल्या उदयपूर भागातली अत्यंत गरीब घरं आहेत. लग्न, मर्तिक आणि सण यांवर त्यातलं मधलं घर वर्षाच्या बजेटच्या १० टक्के खर्च करत होतं. लेखकांनी हा आकडा लपवला नाही आणि लोकांना दोषही दिला नाही. ती घरं दिवाळखोर नव्हती, म्हणून निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण नजर उचलता येईल. आधी मोजायचं, मग का ते विचारायचं, निवाड्याची घाई करायची नाही.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे हा विषय नेताना साधनं बदलतात, हे ध्यानात ठेवा. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतल्या व्यक्तींच्या भागापैकी २०१९ मध्ये लागू झाला तो कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता. बाकीच्यांसाठी जुनेच कायदे : मुंबईला १९०९ चा, उरलेल्या महाराष्ट्राला १९२० चा. सामान्य कर्जदार त्या वाटेला क्वचित जातो. त्याची गाठ पडते वसुलीशी आणि जप्तीशी. त्यामुळे अमेरिकेसारखे हजारो अर्ज तुम्हाला मिळणार नाहीत.

पण दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० उघडून बघा. जप्तीत काय घेता येत नाही, याची यादी तिथे आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं, आणि धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. आता हे अमेरिकेतल्या १५ टक्क्यांच्या देणगीशेजारी ठेवा. दोन्ही कायदे गरजेला जागा देतात आणि श्रद्धेलाही देतात. मंगळसूत्र राहतं, देणगी राहते. हौसेला मात्र कुठलंच कलम नाही. ही तुलना मला तरी कुठे केलेली दिसली नाही. कुणाला घ्यायची असेल तर घ्या.

क्षेत्रकार्य करायचं ठरवलंत तर "तुम्ही मनोरंजनावर किती खर्च करता?" हा प्रश्न विचारू नका. समोरचा लगेच 'शेड्यूल जे' भरायला लागेल. त्याऐवजी विचारा की बंद केलेल्या गोष्टींपैकी सगळ्यात आधी कुठली परत सुरू झाली. घरात आधी कुणाची हौस बंद झाली, आईची की मुलांची? कुठला खर्च शेजाऱ्यांपासून लपवावा लागला? आणि कुठली मजा बिनपैशाची सापडली, जी पैसे आल्यावरही चालू राहिली? या उत्तरांवरून सावरण्याचा एक क्रम हाती येईल. कुठल्याही क्रेडिट स्कोअरमध्ये तो दिसत नाही.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या विषयातला तुम्हाला सगळ्यात पटलेला एक निबंध घ्या, ज्यात कुणाची तरी बाजू घेतलेली आहे. एका कागदावर आरोप लिहा, दुसऱ्यावर बचाव. मग दोन्हींत न बोलता मान्य केलेलं एक वाक्य शोधा. सापडलं, तर गाईडकडे जाताना तो कागद सोबत न्या.