‘गोपनीय’ आणि ‘खासगी’ : विद्यापीठाच्या माहिती-व्यवहारातील दोन शब्दांविषयी

विद्यापीठाच्या दफ्तरातील कोणती माहिती मागणाऱ्यास द्यावी आणि कोणती राखावी, हा प्रश्न आपल्याकडे केवळ कायद्याच्या अभ्यासकांचा समजला जातो. प्रस्तुत लेखात त्याची भाषिक बाजू तपासावयाची आहे. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अंमलात आला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्याचा आदेश ‘द्या’ असा, दुसऱ्याचा ‘राखा’ असा. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात हे दोन्ही आदेश एकाच अधिनियमात आहेत व विद्यापीठे २००६ पासून त्याच्या कक्षेत आली आहेत. आपल्याकडे कायदे दोन असले, तरी विद्यापीठाच्या कचेरीत त्यांचा मेळ घालणारा माणूस बहुधा एकच असतो, तो म्हणजे जन माहिती अधिकारी म्हणून नेमलेला सहायक कुलसचिव किंवा उपकुलसचिव. हा मनुष्य आपला निर्णय मराठी वाक्यात लिहितो. सबब ते वाक्य तपासणे हे भाषाभ्यासकाचे काम ठरते.

ते वाक्य साधारणपणे पुढील धाटणीचे असते : ‘सदर माहिती त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक व गोपनीय असल्याने देता येत नाही.’ यातील ‘व’ हे अव्यय पाहण्यासारखे आहे. दोन विशेषणे अशी जोडली आहेत की, जणू एक दुसऱ्याचा पर्याय व्हावा. वस्तुतः कायद्याने त्यांना वेगवेगळ्या जागी बसवले आहे. अधिनियमाच्या कलम ८ मध्ये विश्वासाने दिलेल्या माहितीचा उल्लेख येतो तो व्यापारविषयक माहिती, परकीय शासनाकडून आलेली माहिती अशा ठरावीक संदर्भांत. कलम ११ मध्ये तो येतो तेव्हा त्रयस्थ व्यक्तीने स्वतः एखादी माहिती गोपनीय मानली असल्यास तिला नोटीस द्यावी, एवढाच त्याचा परिणाम असतो. कार्यालयाने एखादा कागद गोपनीय मानला, हे नकाराचे कारण म्हणून कलम ८ मध्ये कोठेही सांगितलेले नाही. तरीही नकाराच्या पत्रात तो शब्द येतो, आणि मागणाराही तो निमूट स्वीकारतो. याचे कारण शब्दाच्या इतिहासात शोधले पाहिजे.

‘गोपनीय’ हा शब्द ‘गुप्’ धातूपासून आलेला आहे, हे सर्वज्ञात आहे. पण हा धातू मूळचा नसून ‘गोप’ या नामावरून मागाहून सिद्ध झाला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. गोप म्हणजे गाई राखणारा. वेदकालीन ‘गोपायति’ या क्रियापदाचा अर्थ ‘राखतो, सांभाळतो’ असाच आहे. चंद्रगुप्त हा चंद्राने रक्षिलेला. कोठे लपवून ठेवलेला नव्हे. पुढे राखण्यातून झाकण्याचा अर्थ निघाला आणि मराठीत येईतो राखण्याचा अर्थ जवळजवळ लोपला. गुप्त, गुपित, गुपचूप हे शब्द कानी पडताच आपणास कोणी गाई राखणारा आठवत नाही. ‘अनीय’ या प्रत्ययाने त्यात आणखी एक संदिग्धता आणली. हा कृत्य प्रत्यय ‘करण्यास योग्य’ असा अर्थ देतो, परंतु कोणी राखण्यास योग्य, कोणासाठी, किती काळ, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. कर्ता नसलेले असे विशेषण कचेरीस फार सोयीचे पडते.

मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात. परीक्षा विभागात ‘गोपनीय’ म्हणून स्वतंत्र शाखा असते. कर्मचाऱ्याच्या कामावरील वार्षिक शेऱ्यांस पिढ्यानपिढ्या ‘गोपनीय अहवाल’ म्हणत आले, आणि ते ज्याच्याविषयी लिहिले जात त्याच्यापासूनच प्रामुख्याने गोपनीय असत. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्यास कळवलाच पाहिजे असे सांगितले. पुढे महाराष्ट्र शासनाच्या व्यवहारात त्यास ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ हे नावही आले. बोलण्यात मात्र ‘सीआर’ अजून हटलेला नाही. अशा शब्दाच्याच गळ्यात आता आपण ‘प्रायव्हसी’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ बांधला आहे. संकेतस्थळांवर ‘गोपनीयता धोरण’ असते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हक्कास मूलभूत हक्काचे स्थान दिले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांतून कोठे ‘गोपनीयतेचा अधिकार’ तर कोठे ‘खासगीपणाचा हक्क’ असे लिहिले गेले. हिंदीने ‘निजता’ हा वेगळा शब्द पत्करला. फ्रेंच कायद्यात ‘खासगी जीवन’ असा शब्दप्रयोग आहे; जर्मनीत विदेचे ‘रक्षण’ हे नावातच आहे. मराठीत मात्र शासनाचे गुपित आणि विद्यार्थिनीचा वैद्यकीय दाखला एकाच शब्दाच्या छपराखाली नांदत आहेत.

‘खासगी’ हा शब्द तरी निर्दोष आहे काय? त्याचाही पूर्वेतिहास दरबारी आहे. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ म्हणजे राज्याचा महसूल आणि ‘खासगी’ म्हणजे राजघराण्याचे स्वतःचे उत्पन्न, असा भेद होता. पुण्यातील खासगीवाले हे आडनाव त्याच व्यवस्थेची खूण होय. म्हणजे खासगीपण ही एके काळी सत्ताधीशाची मिरास होती, रयतेची नव्हे. तथापि या शब्दाने गेल्या शतकात आपली वाट बदलली. तो आता कोणाही माणसाला लागतो आणि त्यास धनी असतो. ‘माझे खासगी आयुष्य’ असे आपण सहज म्हणतो. ‘माझे गोपनीय आयुष्य’ असे म्हणणारा मनुष्य हेर असावा अशी शंका येते. हा भेद कोशकारांनी नोंदवला नसला तरी बोलणाऱ्यांच्या कानास तो ठाऊक आहे. गोपनीय ही कागदाची अवस्था होय. खासगी हा माणसाचा हक्क होय.

नागपुरास हा भेद कागदावर शिकण्याची गरज नव्हती. १९९९ साली नागपूर विद्यापीठातील पुनर्मूल्यांकनाचे प्रकरण उघडकीस आले. पैसे घेऊन पुनर्मूल्यांकनात गुण वाढवून दिल्याचा तो आरोप होता. गुन्हे नोंदले गेले, खटले वर्षानुवर्षे चालले, आणि पदवीच्या विश्वासार्हतेवर जे सावट पडले ते निरपराध विद्यार्थ्यांनाही चुकले नाही. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क त्या काळी विद्यार्थ्यास नव्हता. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांची ही मागणी फेटाळली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याआधी दिलेला अनुकूल निर्णय त्यामुळे फिरला. उत्तरपत्रिका गोपनीय राहिल्या, आणि त्या गोपनीयतेने एकाही विद्यार्थ्याचे खासगीपण राखले गेले नाही. राखले गेले ते गुण फिरवणाऱ्यांचे हात.

माहितीच्या अधिनियमानंतर हे चित्र पालटले. ९ ऑगस्ट २०११ रोजी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच होय आणि ती विद्यार्थ्यास पाहता आली पाहिजे, असा निर्णय दिला. परीक्षकाचे नाव मात्र झाकून ठेवावे असे सांगितले. कारण ते उघड केल्यास त्याच्या सुरक्षिततेस धोका पोचू शकतो. भाषेच्या दृष्टीने हा निर्णय मला फार अर्थपूर्ण वाटतो. एकाच कागदावर दोन गोष्टी होत्या. एक द्यावयाची, दुसरी राखावयाची. न्यायालयाने परीक्षकाचे नाव ज्या कारणासाठी राखले ते ‘गुप्’ धातूच्या जुन्या, गाई राखण्याच्या अर्थाशी जुळते. कागद तोडून अर्धा देण्याची ही मुभा अधिनियमाच्या कलम १० मध्ये आहेच. विद्यापीठांच्या कचेऱ्यांत तिचा उपयोग अपवादाने होतो, ही गोष्ट निराळी.

परंतु शब्दांचा प्रवाह उलट दिशेनेही वाहत होता. विदर्भातील अकोला येथील भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाच्या एका अधिकाऱ्यास दिलेली ज्ञापने, कारणे दाखवा नोटिसा व त्याच्या मालमत्तेची विवरणे यांच्या प्रती कोणी मागितल्या, तेव्हा २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैयक्तिक माहिती ठरवली. कर्मचाऱ्याची कामगिरी ही मुख्यतः तो आणि त्याचा नियोक्ता यांच्यातील बाब होय, अशी त्यामागील भूमिका होती. हा निर्णय पुढे देशभर नकाराच्या आधारास घेतला गेला. सार्वजनिक पदावरील कामास ‘खासगी’ म्हटले की तो शब्दही ‘गोपनीय’ होऊ लागतो. आपण नुकताच आखलेला भेद येथे पुसला जातो, आणि त्यास कायद्याचे पाठबळही मिळते. याउलट नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुणे जिल्हा न्यायालयातील कनिष्ठ लिपिक-भरतीत इतर उमेदवारांचे गुण देण्यास हरकत नाही असे म्हटले. सार्वजनिक भरतीतील गुण उघड केल्याने खासगीपणावर अनाठायी आक्रमण होत नाही, हा तेथील विचार होता. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्ली विद्यापीठाच्या बाबतीत पदवी आणि गुण यांस वैयक्तिक माहिती मानले. पदवीदान हा समारंभच जाहीर असतो आणि एके काळी निकाल वर्तमानपत्रांत छापून येत, हे आठवले म्हणजे या शब्दाने अलीकडे केवढी मजल मारली ते कळते.

आता मूळ तरतूदच बदलली आहे. २००५ च्या अधिनियमातील कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारण्यास काही विशेषक होते. ती कोणत्याही सार्वजनिक कार्याशी वा हिताशी संबंधित नसावी, किंवा ती दिल्याने व्यक्तीच्या खासगीपणावर अनाठायी आक्रमण व्हावे. शिवाय व्यापक सार्वजनिक हित असल्यास ती द्यावी. जी माहिती संसदेस वा राज्य विधिमंडळास नाकारता येत नाही ती कोणासही नाकारता येणार नाही, असे परंतुकही त्यास जोडलेले होते. २०२३ च्या अधिनियमाने हे सर्व वगळून केवळ ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द ठेवले, आणि नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल लागू झाला. कलम ८(२) मधील सार्वजनिक हिताची तरतूद शाबूत आहे, असे यावर सांगितले जाते. ते खरेही आहे. परंतु व्याकरणाच्या दृष्टीने पाहता, ज्या वाक्यात अपवादाची अट त्या वाक्यातच होती तेथून ती उचलून दूरच्या वाक्यात नेली, म्हणजे वाचणाऱ्याचे लक्ष तिच्यापर्यंत पोचण्याची शक्यता कमी होते. उत्तर लिहिणारा अधिकारी पहिल्या वाक्यावर थांबतो. त्यास तेथे थांबण्याची सवय ‘वैयक्तिक व गोपनीय’ या जोडशब्दाने आधीच लावलेली आहे.

निवड समितीने प्राध्यापकाच्या पदासाठी कोणास किती गुण दिले, आरक्षणाची बिंदुनामावली कशी भरली, एखाद्या संशोधन-मार्गदर्शकाची पात्रता कोणत्या कागदावर ठरली, या प्रश्नांत माणसांची नावे येणारच. नाव आले की माहिती ‘वैयक्तिक’ झाली, असा अर्थ रूढ झाला तर विद्यापीठाच्या कारभारातील नावाविना उरणारी गोष्ट म्हणजे इमारतींच्या रंगाचा खर्च. आणि त्यातही कंत्राटदाराचे नाव असतेच.

ज्या कचेऱ्या गुणांची यादी नाकारतात त्याच कचेऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत किती मोकळ्या असतात, याचीही नोंद केली पाहिजे. प्रवेशयाद्यांत नावासमोर प्रवर्ग, जन्मतारीख, कधी भ्रमणध्वनीचा क्रमांकही छापलेला आढळतो. शिष्यवृत्तीच्या यादीवरून कोणाच्या घरचे उत्पन्न किती ते वर्गास कळते. अपंगत्वाचा दाखला तीन टेबलांवरून उघडा फिरतो. यास कोणी ‘गोपनीय’ म्हणत नाही, कारण त्यात कार्यालयाचे काही अडत नाही. ज्या विद्यार्थिनीचे ते आहे तिला ‘खासगी’ हा शब्द वापरून तक्रार करता येईल, हे तिला कोणी सांगितलेले नसते. आपल्या भाषेत ‘चव्हाट्यावर आणणे’ हा वाक्प्रचार आहे तो अशाच प्रसंगासाठी. दुर्दैवाने कचेरीत तो वापरला जातो तो बिंदुनामावली मागणाऱ्याविरुद्ध.

भाषाशास्त्रज्ञ शब्दांस वाजवीपेक्षा अधिक सामर्थ्य देतात, असा आक्षेप येथे घेतला जाईल. नाकारावयाचेच असेल तर कोणताही शब्द चालतो, हे मला मान्य आहे. पण प्रामाणिकपणे नाकारणारे अधिकारीही पुष्कळ असतात, आणि त्यांची दिशाभूल शब्दच करतो. पारिभाषिक शब्दांचा हा प्रश्न नागपुरास नवा नाही. भाषावार प्रांतरचनेपूर्वी डॉ. रघुवीर यांनी याच शहरात प्रशासनाच्या परिभाषेचे मोठे काम केले. एका संस्कृत धातूवर उपसर्ग-प्रत्यय चढवून शब्दांचे कुटुंब उभे करावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. त्या पद्धतीने शब्द एकसारखे होतात हा तिचा गुण, आणि भिन्न कल्पनांनाही एकाच कुटुंबात कोंबण्याचा मोह होतो हा तिचा दोष.

नव्या अधिनियमाने एक संधी मात्र दिली आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय संबंधित व्यक्तीस द्यावा लागेल. म्हणजे प्रवेशअर्जाबरोबर विद्यापीठास मराठी मजकूर लिहावा लागणार. तो इंग्रजीवरून उतरवला गेला तर त्यात ‘गोपनीयता’ येईल आणि आजचाच गोंधळ छापील होईल. त्याऐवजी ‘तुमची खासगी माहिती’, ‘ती आम्ही कशासाठी घेतो’, ‘कोणास दाखवू’, ‘केव्हा नष्ट करू’, अशी कर्ता आणि काळ सांगणारी वाक्ये लिहिणे शक्य आहे. ‘गोपनीय’ हा शब्द प्रश्नपत्रिकेसारख्या ठरावीक घटकेपर्यंत राखावयाच्या कागदांपुरता ठेवावा, आणि ती घटका शिक्क्याखालीच लिहावी. सकाळी अकरा वाजता पेपर वाटला गेला की प्रश्नपत्रिका गोपनीय राहत नाही, हे परीक्षा विभागातील प्रत्येक शिपायास ठाऊक आहे. निवड समितीच्या इतिवृत्तावरील तो शिक्का केव्हा संपतो, हे मात्र कुलसचिवांनाही सांगता येईल असे वाटत नाही.