चित्र आणि मजकूर एका हातचे

मराठीत चित्रपुस्तकांवर बोलायचं म्हटलं की गाडी लेखिका-चित्रकार माधुरी पुरंदरे यांच्यापाशी येऊन थांबते. त्यांच्या कामाचा हा गौरव आहे, पण बाकीच्यांची पंचाईतही त्यातच दिसते.

त्यांची वाट सरळ बालसाहित्याकडे गेलेली नव्हती. जे. जे. मध्ये चित्रकला, पॅरिसमध्ये ग्राफिक कला, पुण्यात फ्रेंचचं अध्यापन, रंगभूमीवर अभिनय आणि गाणं, पिकासोचं चरित्र, बेकेटच्या ‘गोदो’चं भाषांतर. मुलांसाठीच्या लेखनात यातलं काहीच वाया गेलेलं नाही. ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’ची पुस्तकं मोठ्यानं वाचून बघा. वाक्यं जिभेवर अडत नाहीत, संवादांना नाटकवाल्याचा कान आहे आणि आई चिडते तेव्हा खरीखुरी चिडते. चित्रातली माणसंही तशीच. सुटलेलं पोट, घरात घालायचे कपडे, बसण्यातला आळस. गोंडस गालांची बाहुली काढून भागवलेलं नाही. ‘बाबांच्या मिश्या’सारख्या पुस्तकाला तर मिश्यांएवढा विषय पुरतो. उपदेश नाही, पराक्रम नाही. आपल्याकडे हे धाडसच होतं, कारण मुलांच्या गोष्टीला तात्पर्य नसलं की मोठ्यांचा जीव कासावीस होतो.

‘वाचू आनंदे’ आणि ‘चित्रवाचन’ या पुस्तकांचं मोल वेगळं. पहिल्यात मुलांच्या पुढ्यात चांगलं मराठी साहित्य येतं. दुसऱ्यात चित्र बघत बघत मूल बोलू लागतं. २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि २०१६ मध्ये पराग उपक्रमाचा ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार मिळाला, तोवर मराठी घरांनी त्यांना आपलं म्हटलंच होतं.

तरी एक तक्रार नोंदवायला हवी. त्यांच्यातली लेखिका त्यांच्यातल्या चित्रकर्तीवर कुरघोडी करते. मजकूर इतका भरलेला असतो की चित्राला बहुतेकदा त्याला दुजोराच द्यावा लागतो. शब्द एक सांगताहेत आणि चित्र गुपचूप दुसरंच दाखवतंय, ही चित्रपुस्तकाची खास गंमत त्यांच्याकडे कमी सापडते. पॅरिसमध्ये शिकलेल्या हाताकडून ती जास्त मिळायला हवी होती, असं मला वाटत राहतं.

पण ही तक्रार करायला निदान इथे जागा आहे. एरवी मराठीत येणारी कितीतरी चित्रपुस्तकं अनेक भाषांसाठी एकदमच बेतलेली असतात. रंगीत छपाई महाग, म्हणून चित्रं एकच ठेवायची आणि काळ्या मजकुराची प्लेट तेवढी बदलायची. हिशेब चोख आहे; त्यामुळे पुस्तकाची किंमत आटोक्यात राहते आणि ते खेड्यातल्या शाळेपर्यंत पोचतं, हेही खरं. पण मग चित्रातलं घर तमिळ, बंगाली, मराठी अशा सगळ्यांना चालेल असं निघतं, म्हणजे कुणाचंच नसतं. दुकानाची पाटी कोरी ठेवावी लागते. मराठी वाक्य लांबलं तर चित्र सरकत नाही, वाक्यच छाटलं जातं. उलट ‘बाबांच्या मिश्या’ मराठीत घडलं आणि मग ‘प्रथम बुक्स’मुळे इतर भाषांत गेलं. अशी उलट दिशेची ये-जा फार नाही.

नवे लोक नाहीत असं नाही. ‘चिकूपिकू’सारखं मासिक अगदी लहानांसाठी चित्रांचा गांभीर्यानं विचार करतं. ज्योत्स्ना प्रकाशनानं पुरंदऱ्यांना सातत्यानं साथ दिली. असा प्रकाशक नसता तर ही कारकीर्द झाली असती का, शंकाच आहे. अडतं ते पैशापाशी. चोवीस पानांचं पुस्तक म्हणजे चित्रकाराचे काही महिने. कच्च्या आराखड्यापासून पान उलटताना काय दडवायचं इथपर्यंत सगळं त्यानं सोसायचं आणि बहुधा एकरकमी मानधन घेऊन बाजूला व्हायचं. पुढच्या आवृत्त्यांत त्याचा वाटा असेलच असं नाही. मग चांगला हात जाहिरातीत किंवा अ‍ॅनिमेशनमध्ये जातो, त्याला दोष कसा द्यायचा? समीक्षाही त्याच्या मदतीला येत नाही. बालदिनाच्या सुमारास वर्तमानपत्रांत परीक्षणं छापून येतात, त्यांत गोष्ट सांगितलेली असते, लेखकाचं नाव असतं आणि चित्रांच्या वाट्याला एकच विशेषण येतं: ‘आकर्षक’.