घर ‘बांधणे’ आणि घर ‘घेणे’ : उपनगरी घरखरेदीचे कथनरूप

१

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ ही म्हण आजही वापरली जाते. परंतु मुंबईच्या उपनगरांत, आणि त्यापलीकडे डोंबिवली-बदलापूर किंवा वसई-विरारपर्यंत पसरलेल्या वस्तीत, ज्या मध्यमवर्गाने आपले पहिले घर मिळवले, त्याने ते बांधले नाही, ‘घेतले’. म्हणीतील कर्ता जमीन निवडतो, गवंडी बोलावतो, खर्चाचा अंदाज चुकतो आणि त्या चुकण्यातून शहाणा होतो. ‘घेणे’ या क्रियापदात निर्मितीची सारी प्रक्रिया दुसऱ्याच्या हाती गेलेली असते. कर्त्याकडे उरते ती निवड, आणि पुष्कळदा निवडीचा केवळ आभास. क्रियापदातील हा बदल भाषिक तर आहेच, पण तो कथनाच्या रचनेतीलही बदल आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मुंबईच्या मराठी बोलीत या व्यवहाराचा शब्दसंग्रह पाहिला तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. बिऱ्हाड, खोली, ब्लॉक, ओनरशिप, जागा, फ्लॅट या शब्दांच्या मालिकेत ‘घर’ हा शब्द नाही. ‘डोंबिवलीला जागा घेतली’ असे म्हटले जाई, आणि ‘जागा ओनरशिपची आहे’ हे सांगितल्यावाचून वाक्य पुरे होत नसे. ‘बिऱ्हाड’ या शब्दात उचलून नेता येण्याचा भाव आहे. ‘ओनरशिप’ या शब्दात आता उचलावे लागणार नाही, याचा सुस्कारा आहे.

या शब्दबदलामागे कायद्याचा इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १९४० च्या पातळीशी बांधून टाकले. भाडेकरूला संरक्षण मिळाले, परंतु भाड्याने देण्यासाठी इमारती बांधणे किफायतशीर राहिले नाही. जुन्या जागांत पागडी रुजली, नव्या इमारती मालकी हक्काने विकल्या जाऊ लागल्या. त्या विक्रीतील गैरप्रकारांना आवर घालण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा करावा लागला. ‘ओनरशिप’ हा शब्द कायद्याच्या नावातच होता, आणि बोलीतही तो तसाच, भाषांतरावाचून वावरला.

२

मराठी साहित्यात घराची दोन मोठी रूपे सिद्ध झाली आहेत : वाडा आणि चाळ. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) मध्ये वास्तू वारशाने आलेली आहे आणि तिच्या ढासळण्याबरोबर कुटुंबही ढासळते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाच्या अखेरच्या चिंतनात चाळ मागे पडत चालल्याची हुरहूर आहे. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) मध्ये १९८२ च्या गिरणी संपानंतरचे कुटुंब चाळीतल्या खोलीतच विस्कटत जाते. या तिन्ही संहितांची प्रकृती अगदी भिन्न आहे. तरीही एका बाबतीत त्या सारख्या आहेत : तिन्हींत घर आधीपासून आहे, आणि कथन त्याच्या क्षयाचे आहे. बाख्तिनच्या परिभाषेत सांगायचे तर वाडा व चाळ यांचा कालावकाश भूतकाळाने भारलेला आहे.

विकत घेतलेल्या पहिल्या घराचा कालावकाश याच्या नेमका उलट आहे. ते घर अजून नाही. त्याचा आराखडा आहे, रंगीत माहितीपत्रक आहे, सातव्या मजल्यावर जिथे खिडकी येणार आहे तिथे सध्या आकाश आहे. पैसे मात्र आज द्यायचे आहेत, आणि कर्जाचे हप्ते पुढची पंधरा-वीस वर्षे. गास्तों बाशलार यांच्या ‘अवकाशाचे काव्यशास्त्र’ (१९५७) या ग्रंथात पहिले घर म्हणजे जन्माचे घर. स्मृती आणि दिवास्वप्ने त्याच्या आश्रयाने वाढतात. पॅरिसमधील एकावर एक रचलेल्या खोक्यांना घर म्हणायलाच ते तयार नाहीत. बाजाराच्या भाषेत ‘पहिले घर’ म्हणजे तिशी-चाळिशीत घेतलेले घर, आणि ते बहुधा असेच एक खोके असते. बाशलार यांच्या सिद्धान्ताला येथे मर्यादा पडते. ज्या घरात अद्याप कोणी राहिलेलेच नाही, त्याची स्मृती असणार कशी? तरीही त्याची दिवास्वप्ने असतात. कपाट कोठे ठेवायचे, आईची खाट कोणत्या भिंतीला लावायची, याचे बेत नकाशावर बोट फिरवीत केले जातात. स्मृतीवाचूनच्या या दिवास्वप्नाचे काव्यशास्त्र अद्याप मांडले जायचे आहे.

३

असे घर प्रथम संहितेच्याच रूपात अस्तित्वात येते. ही संहिता म्हणजे विक्रीचा करारनामा. तो बहुधा इंग्रजीत असतो, त्यातील बरीचशी पाने विकासकाच्या हक्कांविषयीची असतात, आणि खरेदीदाराला त्यातील एक ओळही व्यवहारात बदलता येत नाही. वाचकाच्या स्वातंत्र्याचा जो उद्घोष वाचककेंद्री समीक्षेने केला, त्याची कसोटी या संहितेवर घेऊन पाहावी. येथे वाचक अर्थाचा सहनिर्माता नाही. वाचन म्हणजे प्रत्येक पानाच्या तळाशी सही करणे.

चिन्हक आणि चिन्हित यांतील नाते यादृच्छिक असते, हे सोस्यूरचे सूत्र आपण विद्यार्थ्यांना झाड आणि घोडा यांच्या उदाहरणांनी शिकवतो. ‘एरिया’ हा शब्द घेतला असता ते अधिक लवकर कळेल. कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप ही एकाच जागेची तीन मापे. तिसऱ्यात जिना, लिफ्ट आणि प्रवेशदालन यांचाही वाटा येतो. चिन्हक तेच राही, चिन्हित मात्र इमारतीगणिक बदले, आणि तो फरक खरेदीदाराला दर चौरस फुटाच्या हिशेबाने मोजावा लागे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या केली : आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरायची नाही. अर्थाची अनिश्चिती हा साहित्यात आपण गुण मानतो. येथे तिचा लाभ नेहमी एकाच बाजूला होत आला, आणि ती थांबवण्यासाठी संसदेला कोशकाराचे काम करावे लागले. अनिर्णीततेचे गुणगान करणाऱ्या समीक्षेने हे उदाहरण नजरेआड करू नये.

या संहितेचा शेवटही लांबणीवर पडलेला असतो. ताबा मिळतो, वास्तुशांत होते, संस्था नोंदली जाते; परंतु जमिनीचे अभिहस्तांतरण राहून जाते. कितीतरी इमारतींत माणसे राहून म्हातारी झाली तरी पायाखालची जमीन कागदोपत्री दुसऱ्याचीच राहिली. म्हणून तर २००८ मध्ये ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करावी लागली. ‘मानीव’ म्हणजे घडले नाही, पण घडले असे मानायचे. ओनरशिपची कथा अशा रीतीने एका कल्पितावर येऊन थांबते.

४

स्पर्धा हा या बाजाराचा प्राण. पण स्पर्धक कोठे दिसत नाही. चाळीत नळावर भांडणारी शेजारीण नावानिशी उभी असते. येथे दलाल फोनवर सांगतो, ‘दुसरी पार्टी तयार आहे, संध्याकाळपर्यंत टोकन द्या.’ ही ‘दुसरी पार्टी’ या कथनातील सर्वांत प्रभावी पात्र आहे. तिला चेहरा नाही, कदाचित अस्तित्वही नाही. पण तिच्या धाकाने माणसे दागिने गहाण ठेवतात, भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढतात आणि स्टेशनपासून आणखी दोन मैल लांब जायला कबूल होतात.

या अदृश्य दडपणाचे नाट्य ‘घरौंदा’ (१९७७) या हिंदी चित्रपटाने नेमके पकडले. शंकर शेष यांच्या कथेवरील भीमसेन यांचा हा चित्रपट मुंबईच्या ओनरशिपच्या बाजाराचाच आहे. सुदीप आणि छाया पै पै साठवतात, बिल्डर त्यांना फसवतो. आणि मग आजारी मालकाने छायाला मागणी घातली असता सुदीपच तिला ती स्वीकारायला सुचवतो. मालक फार जगणार नाही, असा त्याचा हिशेब असतो. लग्नासाठी घर हवे होते. आता घरासाठी लग्न. आरंभी दिलेली म्हण येथे उलटते : तिच्यातील दोन पराक्रमांपैकी एक दुसऱ्याचे चलन होतो. याच्या आधीच्या ‘मुंबईचा जावई’ (१९७०) या राजा ठाकूर यांच्या चित्रपटात नवदांपत्याला एकांत मिळत नाही, पण अडचण हसण्यावारी नेता येते, कारण खोली आहे. ‘घरौंदा’त खोलीच नाही, फक्त वचन आहे, म्हणून विनोदाला जागा उरत नाही. दोन चित्रपटांतील प्रकृतिभेद केवळ दिग्दर्शकांच्या दृष्टीचा नाही. घर असणे आणि घराचे वचन असणे यांतला तो भेद आहे.

५

एक प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत अवघड आहे. बाजार निनावी असतो, पैसा जात विचारत नाही, अशी एक आधुनिक श्रद्धा ‘घेणे’ या क्रियापदामागे उभी आहे. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहाच्या शीर्षककथेत परगावी नोकरीला गेलेल्या नायकाला भाड्याच्या खोलीसाठी आपली जात झाकावी लागते. योगायोग असा, की ओनरशिपचा कायदाही त्याच वर्षीचा. खोली मागणाऱ्याला जात विचारली जाई. ओनरशिपने तो प्रश्न पुसला का? पुरता नाही. गृहनिर्माण संस्थेचे सदस्यत्व विशिष्ट समाजापुरते ठेवणारा उपविधी अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवला. शिवाय ‘फक्त शाकाहारी’ ही अट लेखी असण्याची गरज नसते. दलाल आडनाव ऐकतो आणि जागा गेल्याचे सांगतो. त्या वेळी पुढे केली जाते ती हीच चेहरा नसलेली ‘दुसरी पार्टी’.

म्हणजे स्पर्धेच्या भाषेचे दोन उपयोग झाले. ज्याला घर द्यायचे त्याला घाई करण्यासाठी, आणि ज्याला द्यायचे नाही त्याला कारण न सांगता परतवण्यासाठी. ओनरशिपच्या कथनात नायक कोण होऊ शकतो, हे करारनाम्याच्या पहिल्या पानाआधीच ठरलेले असते.

चाळीविषयीच्या हुरहुरीतून मराठी समीक्षा बाहेर पडली, तर घर घेण्याच्या या साध्या, गद्य, हप्त्याहप्त्याने चालणाऱ्या व्यवहारात तिला कादंबरीचे द्रव्य दिसेल. तेथे वडिलार्जित काही नाही, उद्ध्वस्त होण्याचे नाट्यही नाही. आहे ते फक्त आयुष्य गहाण ठेवून मिळवलेले तीन-चारशे चौरस फूट. त्या कादंबरीचा पहिला निकष मात्र हा राहील, की घेणाऱ्याबरोबरच जागा गेल्याचे ज्याला सांगितले गेले, तोही तिच्यात नावानिशी उभा आहे किंवा नाही.